अंगावर पाजताय आणि ऍसिडिटीने जीव नकोसा झालाय? गोळी घेण्याआधी स्ट्रिप उलटून बघा

मी सिंधुदुर्गातल्या एका लहान बाजारपेठेत मेडिकलवर फार्मासिस्ट आहे, 12 वर्षं झाली. एक प्रश्न आठवड्यातून दोनतीनदा तरी येतोच. तान्हं बाळ घरी सासूकडे ठेवून घाईघाईत आलेली एखादी ताई, काउंटरवर दुसरं कोणी नाही ना ते बघून हळूच विचारते, "मॅडम, छातीत खूप जळजळतंय, रात्री झोपच नाही, पण अंगावर पाजतेय ना, काय घेतलं तर चालेल?" आणि घरून तिला आधीच सांगून पाठवलेलं असतं, "गोळी घेव नको गे बाय, पोराक बाधतला."

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या वेळी सिझर झालं, तिसऱ्या आठवड्यात घशाशी आंबट यायला लागलं, डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल दिली. मी ती घेतली आणि मग घरी बसून गोळीबरोबरचा कागद वाचला. त्यात लिहिलेलं की स्तनपान करताना टाळा. मी फार्मासिस्ट असूनही घाबरले, दीड दिवस बाळाला पावडरचं दूध दिलं, माझं दूध साठून छाती दगडासारखी झाली, ताप भरला. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, अगं पाजायचं थांबवायची काही गरजच नव्हती. त्या दीड दिवसाचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

मला सांगायचंय ते हे की ऍसिडिटीची बरीचशी साधी, एकाच औषधाची गोळी पाजणाऱ्या आईला चालते. घोळ होतो तो जोडगोळीने, म्हणजे एका गोळीत दोन औषधं असतात तेव्हा. त्यामुळे नाव ओळखीचं आहे म्हणून गोळी घ्यायची नाही, स्ट्रिप उलटून मागे बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते वाचायचं.

पायरी 1: आधी खात्री करा की ही ऍसिडिटीच आहे

हे मी मुद्दाम सगळ्यात आधी घेतलंय. बाळंतपणानंतरच्या दिवसांत पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या खाली दुखायला लागलं की सगळे पित्त म्हणून मोकळे होतात. पण बाळंत झाल्यावर 6 आठवड्यांपर्यंत बीपी अचानक वाढू शकतं, गरोदरपणात बीपी अगदी नॉर्मल होतं अशा बाईचंसुद्धा, आणि तेव्हा पोटाच्या वरच्या बाजूला, उजवीकडे किंवा मधोमध दुखतं. सोबत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं किंवा अंधुक दिसणं, चेहऱ्यावर हातावर सूज यातलं काही असेल तर ऍसिडिटीचं जेल पिऊन वाट बघत बसायचं नाही, लगेच बीपी मोजून घ्यायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजतात, उपकेंद्रातही होतं, रात्र असेल तर 108 ला फोन करा.

पडल्यावर दम लागतो, दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही, पाय सुजलेत, तर हृदयाकडे बघायला लागतं. छातीतली कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, घाम फुटतो, तेव्हाही थेट हॉस्पिटल. जेवण झाल्यावर, विशेषतः तुपातलं तेलातलं खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येऊन खांद्यापर्यंत जात असेल तर पित्ताशयातले खडे असू शकतात, गरोदरपणात ते व्हायचं प्रमाण वाढतं, सोनोग्राफीत दिसतात.

आणि काळी शी. बाळंतिणीला लोहाची गोळी चालू असते आणि तिने शी काळपट हिरवी होतेच, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी शी झाली किंवा उलटीत रक्त, कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं तर तो आतला रक्तस्राव आहे, थांबू नका.

यातलं काहीच नाही, फक्त जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर जळजळ, आंबट ढेकर, घशाशी पाणी, तर पुढे वाचा.

पायरी 2: गोळीच्या आधी पोटाचा पट्टा सैल करा

आपल्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात. जुन्या लुगड्याची पट्टी नाहीतर दुकानातला बेल्ट, आणि बांधणारी जेवढी मायेची तेवढा तो घट्ट. भरल्या पोटावर असा घट्ट पट्टा म्हणजे खालून दाबून अन्न वर ढकलणं. जेवायच्या आधी सोडा, जेवून दोन तास झाल्यावर बांधा, तोही सैल, बोटं आत गेली पाहिजेत. मी सांगितल्यावर दोनचार जणींची जळजळ एवढ्यानेच निम्मी झाली, त्यांनी परत येऊन सांगितलं.

दुसरं, पाजायची पद्धत. रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच बाळाला कुशीत घेऊन आडवं व्हायचं, हे होतंच, बाळ काय आपल्या जेवणाची वेळ बघून रडत नाही. पण शक्य असेल तर जेवल्यानंतरचं पाजणं बसून, पाठीला उशी लावून, बाळाला वर उचलून, स्वतः पुढे वाकून नाही. झोपताना डावी कूस. पलंग असेल तर डोक्याकडच्या पायांखाली 6 इंचांचे लाकडी ठोकळे किंवा विटा, नुसत्या उशा वाढवल्या तर मान वाकते आणि पोट उलट जास्त दबतं.

खाण्याचं. डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू पौष्टिक आहेत पण एकावेळी दोन दोन लाडू वर वाटीभर तूप, तेही रिकाम्या पोटी पहाटे चहाबरोबर, हे जड जातं. अर्धा अर्धा करून दिवसभरात खा. उकड्या तांदळाची पेज, वर थोडं मीठ नि चमचाभर तूप, पोटाला खूप बरं. कुळथाची पिठी चालते, फक्त तिखट कमी. सोलकढी पित्तावर चांगली असं आपण म्हणतो आणि बऱ्याच जणींना बरं वाटतंही, पण कोकम आंबट आहे, त्यात लसूण मिरची आणि नारळाचं घट्ट दूध, काही जणींना त्यानेच जळजळतं. ज्याने त्रास होतो ते 4 दिवस बंद करून बघा, दुसरीला काय चालतं त्यावर जाऊ नका. अंगावर दूध यावं म्हणून मोरी, मुशी आणून घालतात, तीही मिरी तिरफळ घालून झणझणीत. मोरी, मुशी म्हणजे शार्कच, या मोठ्या माशात पारा जास्त साठतो, त्यामुळे पाजणाऱ्या आईला ती वारंवार न दिलेली बरी, सौंदाळे, बांगडे, तारली घ्या.

अजून एक, सिझरच्या टाक्यांसाठी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, ऍसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. या रिकाम्या पोटी घेतल्या की पोट जाळतात. दुखणं कमी झालं तरी सवयीने चालू असतील तर डॉक्टरांना विचारून थांबवा किंवा पॅरासिटामॉलवर या. कधीकधी ऍसिडिटीचं मूळच तिथे असतं आणि आपण वर दुसरी गोळी चढवत बसतो.

पायरी 3: औषध लागलंच तर खालून वर चढा

सगळ्यात आधी साधं जेल किंवा चघळायची गोळी. डायजीन, जेल्युसिल असली. यात ऍल्युमिनियम हायड्रॉक्साईड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड आणि गॅससाठी सायमेथिकॉन असतं. ही औषधं पोटातच आम्लाशी भिडून काम करतात, रक्तात फारच थोडी जातात, मग दुधात काय जाणार. जेवणानंतर तासाभराने आणि झोपताना, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. मॅग्नेशियमने आईला जुलाब होऊ शकतात, ऍल्युमिनियमने शी घट्ट होते, टाके असतील तर बद्धकोष्ठ नको म्हणून हे लक्षात ठेवा. ऑक्सेटाकेन हे बधिर करणारं औषध घातलेलं जेल पण येतं, त्याची पाजणाऱ्या आयांमधली माहिती तुटपुंजी आहे, साधं जेल असताना ते कशाला.

इनो किंवा खाण्याचा सोडा पाण्यात टाकून, हे कधीतरी एकदा ठीक पण रोज नको, त्यातून सोडियम खूप जातं आणि बीपीवाल्या बाळंतिणीने तर लांबच राहावं.

जेलने 4-5 दिवसांत भागलं नाही, रोज रात्री उठायला लागतंय, तर दुसरी पायरी फॅमोटिडीन. जुनं, स्वस्त औषध. ते दुधात जातं पण किती, तर आईने 40 मिलिग्रॅमची गोळी घेतली तरी दिवसभराच्या दुधातून बाळाच्या पोटात दर किलो वजनामागे मिलिग्रॅमचा साधारण शंभरावा भाग. आणि गरज असेल तेव्हा डॉक्टर अगदी तान्ह्या बाळालाच हे औषध थेट देतात, तेव्हा दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम देतात. म्हणजे बाळांना उपचार म्हणून देतात त्याच्या चाळीस पन्नास पट कमी. हा हिशोब मी काउंटरवर कागदावर मांडून दाखवते, तेव्हा कुठे समोरचीच्या चेहऱ्यावरचा ताण जातो.

इथे रॅनिटिडीनचं सांगायला हवं कारण आपल्याकडे घराघरात ती गोळी पडलेली असते. त्यात एनडीएमए नावाची कॅन्सरशी जोडलेली अशुद्धी सापडली, गोळी जास्त दिवस आणि उष्णतेत राहिली की ती वाढते, म्हणून अमेरिकेने एप्रिल 2020 मध्ये ती बाजारातून काढायला सांगितली, आणि भारतात सप्टेंबर 2022 मध्ये आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ती वगळली. आपल्या दमट गरम हवेत पत्र्याखालच्या कपाटात दोन वर्षं पडलेली गोळी मी तरी माझ्या बहिणीला देणार नाही. फॅमोटिडीनमध्ये हा प्रश्न नाही. सिमेटिडीन हल्ली कमी दिसतं पण दुधात जास्त जमा होतं, ते टाळायचं.

तिसरी पायरी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल. याही दुधात फार थोड्या उतरतात, आईच्या डोसच्या तुलनेत वजनाचा हिशोब करून साधारण 1 टक्का. पाजताना औषधाचा विचार करताना डॉक्टर ढोबळमानाने 10 टक्क्यांची रेघ धरतात, त्याच्या कितीतरी खाली हे येतं. पॅन्टोप्राझोल घेतल्यावर दुधात ते 2 ते 4 तासांत सापडलं, नंतर मोजण्याइतकंही राहिलं नाही. आणि गंमत म्हणजे या औषधांना आम्ल सहन होत नाही, म्हणून तर गोळीवर चकचकीत कोटिंग असतं. दुधात आलेल्या कणभर औषधावर ते कोटिंग नसतं, त्यामुळे बाळाच्या पोटातल्या आम्लात त्याचा बराच भाग तसाच मोडून जातो. त्याच कारणाने तुम्हीही ही गोळी चुरायची, चावायची नाही. एसोमेप्राझोलही चालण्यातलं, रॅबेप्राझोलची पाजणाऱ्या आयांमधली माहिती कमी आहे म्हणून निवड हातात असेल तर पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घ्या. व्होनोप्राझान नावाचं नवीन औषध आलंय, जोरदार आहे, पण पाजणाऱ्या आयांबद्दल त्याची माहिती पुरेशी नाही, ते नको.

मग कागदावर "टाळा" का लिहितात? कारण पाजणाऱ्या आयांना घेऊन मोठ्या चाचण्या सहसा कोणी करत नाही, आणि चाचणी नाही म्हणून कंपनी सावधपणे तसं छापते. तो कागद खोटा नाही, पण त्यावरून बाळाचं दूध तोडायचं नसतं. लॅक्टमेड नावाची अमेरिकन सरकारी वेबसाईट आहे, फुकट आहे, तिथे औषधाचं मूळ नाव टाकलं की दुधात किती जातं ते सगळं येतं, इंग्रजीत आहे पण घरात कोणीतरी वाचून देईल.

पायरी 4: स्ट्रिप उलटा, इथे सगळ्यात जास्त घोळ आहे

पुरुष मंडळी मेडिकलवर येतात आणि सांगतात, "बायकोला ऍसिडिटी झालीय, पॅन-डी द्या." नावापुढचा तो एक "डी" त्यांनी सहज उच्चारलेला असतो. पॅन्टोप्राझोल 40 च्या जोडीला त्यात 30 मिलिग्रॅम डोम्पेरिडोन हे मळमळ, उलटीवरचं औषध असतं. डोम्पेरिडोन दुधात कमीच जातं, उलट ते दूध वाढवणाऱ्या प्रोलॅक्टिन या हार्मोनला चढवतं, म्हणून बाळाचा प्रश्न फारसा नाही. प्रश्न आईच्या हृदयाचा आहे. या औषधाने ठोक्यांची लय बिघडू शकते, विशेषतः दिवसाला 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर, म्हणून युरोपात 2014 पासून त्याचा डोस आणि दिवस दोन्ही आवळून टाकलेत.

आता बघा कसं होतं. दूध कमी येतंय म्हणून एका डॉक्टरांनी डोम्पेरिडोन 10 ची गोळी दिवसातून 3 वेळा लिहून दिलेली आहे. ऍसिडिटी झाली म्हणून घरच्यांनी पॅन-डी आणली. झाले की दिवसाला 60. दोन वेगळी नावं, दोन वेगळे रंग, कोणाला संशय पण येत नाही. त्यात स्तनाग्रांना बुरशीची लागण होऊन फ्लुकोनॅझोल चालू असेल, किंवा खोकल्यासाठी ऍझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, तर ती औषधं डोम्पेरिडोनशी मिळून हृदयावरचा धोका अजून वाढवतात, फ्लुकोनॅझोलबरोबर तर ते द्यायचंच नसतं. आणि बुरशी, दूध कमी, ऍसिडिटी हे तिन्ही एकाच बाळंतिणीला एकाच महिन्यात होणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. म्हणून मी स्ट्रिप द्यायच्या आधी विचारते, अजून काय काय चालू आहे, आणि लोकांना वाटतं मी उगाच चौकशा करते.

दुसरी जोडी लेवोसल्पिराइडची, नावापुढे बहुतेक "एल" किंवा "एलएस" असतं. हे मेंदूवर काम करणाऱ्या औषधांच्या कुळातलं आहे, दुधात उतरतं, झोप, सुस्ती आणू शकतं. पाजताना स्वतःहून कधीच नाही. "आयटी" म्हणजे इटोप्राइड, त्याचीही पाजण्यातली माहिती तोकडी. स्ट्रिपवर मागे एकच नाव असेल तर बरं, अधिकचं चिन्ह टाकून दुसरं नाव असेल तर थांबा आणि फार्मासिस्टला विचारा. नुसती पॅन्टोप्राझोल मागा, जनऔषधी केंद्रात ती खूप स्वस्तात मिळते.

आयुर्वेदिक म्हणजे निर्धास्त, असंही धरू नका. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर असतं, ते पोट साफ करणारं आहे. सूतशेखर घरोघरी पित्तावर घेतात, त्यात शुद्ध केलेला पारा, बचनाग, धोतरा असतात. वैद्य बघून देतील तर तो त्यांचा निर्णय, पण आजेसासूच्या डबीतली गोळी तान्ह्या बाळाच्या आईने घ्यायची नाही. जिरं, बडीशेप, बाळंतशोपा जेवणात पानात चालतातच.

पायरी 5: घड्याळ आणि बाकीच्या गोळ्या

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल सकाळी काहीही खायच्या आधी अर्धा ते एक तास. सोपं गणित असं की सकाळी बाळाला पाजा, मग पाण्याबरोबर गोळी, मग दात घासणं, बाळाचे कपडे, अंघोळीचं पाणी, तेवढ्यात अर्धा तास जातो, मग पेज. चहा त्यानंतर. परिणाम पहिल्या दिवशी पूर्ण दिसत नाही, 3-4 दिवस लागतात, तोवर मध्ये जेल घेतलं तर चालतं. पाजण्याची वेळ गोळीसाठी अडवून धरायची नाही, दूध काढून टाकायचं तर अजिबात नाही.

बाळंतिणीला सरकारी योजनेत 180 दिवस लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतात, आशाताई आणून देतात. लोह आणि जेल एकत्र घेतलं तर लोह नीट अंगी लागत नाही, दोघांत निदान 2 तास ठेवा. लोह आणि कॅल्शियम यांच्यातही 2 तास. थायरॉइडची गोळी असेल तर ती पहाटे, आणि जेल, लोह, कॅल्शियम 4 तासांनी. मी तायांना फ्रीजवर एक कागद चिकटवायला सांगते: पहाटे थायरॉइड, अर्ध्या पाऊण तासाने पॅन्टोप्राझोल, मग न्याहारी, दुपारी जेवून तासाभराने लोह लिंबाच्या पाण्याबरोबर, कॅल्शियम संध्याकाळी आणि रात्री जेवणानंतर, जेल झोपताना.

आणि किती दिवस? 2 आठवडे. त्यानंतरही रोज लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा, परस्पर स्ट्रिपवर स्ट्रिप नको. महिनोन्‌महिने चालली तर बी12, मॅग्नेशियम कमी होतं, लोह कमी लागतं, आणि बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला ते परवडणारं नाही. बऱ्याच दिवसांनी बंद करताना काही दिवस जळजळ उसळते, तेव्हा घाबरून परत सुरू करू नका, डॉक्टरांना विचारून दिवसाआड करत जेलवर या.

पायरी 6: बाळाकडे लक्ष

गोळी सुरू केल्यावर पहिले 4-5 दिवस बघायचं की बाळ नेहमीसारखं ओढतंय का, दिवसाला 6 किंवा जास्त वेळा लघवी होतेय का, अचानक पातळ शी, अंगावर पुरळ, उठवूनही न उठण्याइतकी झोप असं काही आहे का. असेल तर बालरोगतज्ज्ञांना गोळीचं नाव सांगून दाखवा. अंगावरचं पिणाऱ्या बाळाची शी तशीही पिवळी, पातळसर, दाणेदार असते, ती औषधामुळे नाही. बाळ थोडं दूध बाहेर टाकतं तेही बहुतेक वेळा साधंच, त्याला स्वतःच्या बाटलीतलं जेल चाटवू नका, एकीने हे केलं होतं म्हणून सांगतेय. बाळ दिवसांआधी जन्मलेलं, वजनाने फार कमी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेलं असेल तर साध्या जेलसाठीसुद्धा आधी विचारा.

आणि गोळीने दूध आटतं का, तर या साध्या गोळ्यांनी आटत नाही. दूध आटतं ते पाजणं बंद केल्याने.

विचारायचं कुणाला? फोनवर 104 ला सरकारी आरोग्य सल्ला मिळतो. कुणालाही फोन करा पण हे पाच मुद्दे तयार ठेवा, कागदावर लिहूनच ठेवा: बाळ किती दिवसांचं, पूर्ण दिवसांचं की आधी झालेलं; सिझर की नॉर्मल; शेवटचं बीपी किती; चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दूध वाढवायची आणि आयुर्वेदिक धरून; आणि जळजळ किती दिवसांपासून. मेडिकलवर नवऱ्याला पाठवणार असाल तर त्याला तोंडी नाव सांगू नका, चालू असलेल्या स्ट्रिपा पिशवीत घालून पाठवा, नाहीतर मागच्या बाजूचा फोटो काढून द्या, पुढच्या बाजूचा नाही.